शिलालेख आणि रुग्णपत्रिका

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात गेलेला मराठी माणूस प्राकाराच्या भिंतीपाशी थबकल्यावाचून राहत नाही. द्राविड शिल्पाच्या त्या प्रचंड वैभवात त्याला एकाएकी आपली मायबोली भेटते. भोसले घराण्याचा इतिहास तेथे मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरलेला आहे. दुसरे सरफोजी राजे यांच्या आज्ञेने इ. स. १८०३ मध्ये हा प्रदीर्घ शिलालेख सिद्ध झाला. दगडावर कोरलेल्या अक्षराचा गुण असा, की ते टिकते; आणि दोषही तोच, की ते बदलत नाही. कोरणाऱ्याने ज्या दिवशी छिन्नी खाली ठेवली, त्या दिवशी त्या लेखाचे सर्व ज्ञान थांबले.

याच सरफोजींच्या काळचे दुसऱ्या प्रकारचे लेखन तेथून जवळच, राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवलेले आहे. १७९८ साली सरफोजी गादीवर आले आणि पुढल्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. सत्ता आटोपली, पण जिज्ञासा आटोपली नाही. या राजाने ग्रंथ जमविले आणि धन्वंतरी महाल उभारून तेथे देशी व युरोपीय वैद्यक एकमेकांशेजारी बसविले. नेत्रचिकित्सेत तर त्यांना विशेष रस होता. त्या काळी तपासलेल्या नेत्ररुग्णांच्या पत्रिका आजही उपलब्ध आहेत. रुग्णाची अवस्था, केलेले उपचार, आणि सोबत त्या त्या रुग्णाच्या डोळ्याचे हाताने रंगविलेले चित्र, असे त्यांचे स्वरूप आहे. छायाचित्रणाचा शोध अद्याप जगापुढे यायचा होता, त्या काळातील ही गोष्ट आहे. रोग केवळ शब्दांत न सांगता त्याचे चित्र ठेवावे, म्हणजे आजचा डोळा आणि उद्याचा डोळा यांची तुलना करता येईल, हे त्या रंगरेषांचे मर्म होय.

शिलालेख आणि रुग्णपत्रिका यांतील हा भेद आजच्या वैद्यकातील एका महत्त्वाच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. कर्करोगावर किरणोपचार करताना जी योजना आखली जाते, ती या दोहोंपैकी कशासारखी असावी? प्रारंभी एकदा कोरून ठेवावी, की रुग्णाच्या बदलत्या शरीराबरोबर दर वेळी नव्याने लिहावी? गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी दुसऱ्या पक्षाकडे कौल दिला आहे. मात्र पत्रिकेत नवी ओळ लिहायची, तर ती लिहिण्याजोगे खात्रीचे काही हाती असावे लागते. ते पुरविण्याचे काम चुंबकीय अनुनाद प्रतिमा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला एम. आर. आय., करू लागला आहे.

प्रथम किरणोपचाराचे तत्त्व पाहू. १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि त्यानंतर थोड्याच काळात ते रोगनिवारणासाठीही वापरले जाऊ लागले. हे किरण पेशीतून जाताना तिच्या आनुवंशिक द्रव्याचे धागे तोडतात. निरोगी पेशीला हे धागे सांधण्याची कला बरीच अवगत असते. कर्कपेशी त्या कामी बहुधा उणी पडते. म्हणूनच सगळी मात्रा एका दिवसात न देता ती अनेक दिवसांत वाटून देतात. एक किलोग्रॅम ऊतकात एक जूल ऊर्जा शोषली गेली, म्हणजे एक ग्रे मात्रा झाली. रूढ पद्धतीत रोज सुमारे दोन ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे पाच ते सात आठवडे उपचार चालतात. दोन दिवसांमधल्या विसाव्यात निरोगी ऊतक स्वतःला सावरून घेते.

आता अडचण येते ती येथेच. उपचार सात आठवडे चालतो. योजना मात्र पहिल्या आठवड्याच्याही आधी काढलेल्या एका चित्रावर आखलेली असते. त्या चित्रात गाठ कोठे आहे, तिच्या शेजारी लाळेची ग्रंथी कोठे, मज्जारज्जू कोठे, हे पाहून किरणांच्या दिशा ठरतात. गाठीभोवती डोळ्यांना न दिसणारा रोगाचा सूक्ष्म प्रसार असू शकतो, म्हणून एक पट्टा अधिक धरतात. रुग्ण रोज केसभरही न हलता झोपेल याची शाश्वती नसते, म्हणून आणखी एक पट्टा. हा शेवटचा पट्टा म्हणजे अनिश्चिततेची किंमत होय, आणि ती किंमत निरोगी ऊतकाला मोजावी लागते. शिंप्याने अंगरख्याला मापापेक्षा अधिक कापड ठेवावे, तसा हा प्रकार. पण येथे ज्यादा कापडाच्या जागी जिवंत आतडे असते, मूत्राशय असतो किंवा गिळण्याचा स्नायू असतो.

शिवाय शरीर बदलते. तंबाखूच्या व्यसनामुळे आपल्या देशात तोंडाचे व घशाचे कर्करोग फार. अशा रुग्णाचे डोके स्थिर राहावे म्हणून त्याच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा बनवितात. पहिल्या दिवशी घट्ट बसणारा हा मुखवटा चौथ्या-पाचव्या आठवड्यात सैल पडतो. घास गिळवत नाही, वजन घटते, गाल बसतात आणि गाठही वितळू लागते. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे चौदा रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. उपचाराच्या प्रत्येक दिवशी गाठीचे आकारमान मूळच्या सुमारे १.८ टक्क्यांनी घटत असल्याचे त्यात दिसून आले. कानाखालच्या लाळग्रंथीही आक्रसत होत्या आणि उपचार संपेतो सुमारे तीन मिलिमीटर आत सरकत होत्या. आत सरकणे याचा अर्थ जास्त मात्रेच्या प्रदेशात शिरणे. लाळग्रंथी जळाली, की रोगमुक्त झालेल्या माणसालाही कोरडी भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही. पहिल्या दिवशी निर्दोष असलेली योजना पाचव्या आठवड्यात अशी सदोष ठरते. योजना बिघडलेली नसते, तिच्या खालचा देह बदललेला असतो.

या निरीक्षणातून अनुकूली किरणोपचाराची कल्पना पुढे आली. १९९७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या संशोधकांनी ती सुस्पष्ट रूपात मांडली. उपचार चालू असताना वारंवार मोजमाप घ्यावे, त्यावरून रुग्णात होणारा बदल ओळखावा आणि योजना पुन्हा आखावी, असे तिचे सूत्र आहे. सांगायला सोपे, पण त्यात एक प्रश्न दडलेला आहे. मोजायचे काय?

गाठीचा आकार मोजावा, हे कोणालाही सुचेल. परंतु आकार हा उशिरा येणारा साक्षीदार आहे. औषधाने किंवा किरणाने पेशी मेल्या, तरी त्यांची कलेवरे वाहून नेण्यास शरीराला आठवडे लागतात. तोवर उपचार निम्म्यावर आलेला असतो. एखादे झाड मुळाशी सुकले, तरी पाने काही दिवस हिरवीच दिसावीत, तसे हे होय. मुळाशी काय चालले आहे ते आधी कळले, तरच उपचाराला वेळेवर वळण देता येईल. एम. आर. आय. येथे उपयोगी पडतो.

या यंत्राचे तत्त्व आकाशवाणीच्या श्रोत्यांना परके वाटू नये. कारण त्याचा कणा रेडिओच्याच लहरी होत. देहातील पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि त्यांची केंद्रके सूक्ष्म चुंबकांसारखी वागतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ती भोवऱ्याप्रमाणे घिरट्या घालतात. रुग्णालयात सामान्यतः दीड टेस्लाचे चुंबक असते; पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या ते सुमारे तीस हजार पट प्रबळ. त्यात ही केंद्रके सेकंदाला सुमारे सहा कोटी चाळीस लाख घिरट्या घालतात. नेमक्या त्याच कंपनसंख्येची रेडिओलहर बाहेरून सोडली, की केंद्रके तिला साद देतात. लहर थांबली, की त्यांची प्रतिसादाची कुजबुज काही काळ ऐकू येत राहते. एफ. एम. प्रक्षेपण ज्या पट्ट्यात चालते, त्याच्या जरासे खालीच हे संभाषण चालते. १९४६ साली ब्लॉख आणि पर्सेल यांनी हा अनुनाद स्वतंत्रपणे टिपला, आणि १९७३ साली लॉटरबर यांनी त्यापासून चित्र उभे करण्याची रीत दाखविली.

साधा एम. आर. आय. जे चित्र देतो, त्यातील काळ्या-पांढऱ्या छटांना मात्र स्वतःचे असे मोल नसते. एक भाग दुसऱ्यापेक्षा उजळ आहे एवढेच त्यावरून कळते. आज पुण्यात काढलेल्या चित्रातील करडा रंग आणि महिन्याने नागपुरात काढलेल्या चित्रातील करडा रंग यांची तुलना करणे म्हणजे दोन वेगळ्या दिव्यांच्या प्रकाशात एकाच लुगड्याचा रंग ठरविणे होय. परिमाणात्मक एम. आर. आय. ही उणीव दूर करू पाहतो. त्याच्या चित्रातील प्रत्येक बिंदूपाशी छटेऐवजी एक राशी असते आणि त्या राशीला एकक असते. थर्मामीटर नसलेला वैद्य कपाळावर हात ठेवून ‘अंग तापले आहे’ म्हणतो. थर्मामीटर ‘एकशे दोन’ असे सांगतो. फरक आहे तो असा.

मौज अशी, की या शास्त्रात आकडा चित्राच्या आधी आला. १९७१ साली डमेडियन यांनी उंदरांच्या ऊतकांत प्रतिसादाची कुजबुज किती वेळाने विरते ते मोजले आणि अर्बुदातील काळ निरोगी ऊतकापेक्षा लांब असल्याचे नोंदविले. चित्राचा मोह मागाहून पडला. पन्नास वर्षांनी शास्त्र पुन्हा आकड्याकडे वळले आहे.

या आकड्यांतील सर्वांत उपयुक्त आकडा पाण्याच्या विसरणाचा. पाण्याचे रेणू स्थिर नसतात. ते सतत इकडेतिकडे भटकत असतात. देहाच्या उष्णतामानात मोकळ्या पाण्याचा रेणू सेकंदाच्या विसाव्या भागात सरासरीने एका दिशेला मिलिमीटरच्या सुमारे साठाव्या हिश्श्याइतका सरकतो. हे अंतर साधारण एका पेशीच्या आकाराएवढे आहे, आणि त्यामुळेच पेशींची दाटी या भटकंतीतून उमगते. कर्कपेशी दाटीवाटीने वाढतात. तेथे पाण्याच्या रेणूला जत्रेच्या गर्दीत सापडलेल्या माणसासारखे पावलोपावली अडथळे होतात, आणि विसरणाचा अंक मोकळ्या पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास घसरतो. किरणांचा परिणाम होऊन पेशींची आवरणे फुटू लागली, की गर्दी विरळ होते आणि अंक चढू लागतो. गाठीचा बाह्य आकार जसाच्या तसा असतानाही हा अंक वाढू शकतो. मुळाची बातमी पानांआधी कळते ती अशी.

दुसरी राशी रक्तपुरवठ्याची. शिरेतून सोडलेले एक द्रव्य गाठीत किती वेगाने शिरते नि बाहेर पडते, यावरून तेथील रक्ताभिसरण मोजता येते. याला महत्त्व आहे; कारण जेथे रक्त अपुरे, तेथे प्राणवायू अपुरा, आणि प्राणवायूवाचून असलेल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत. अशी पेशी मारण्यास अडीच ते तीन पट मात्रा लागते, हे १९५० च्या दशकापासून ज्ञात आहे. गाठीचा कोणता कोपरा असा हट्टी आहे ते उमगले, तर तेवढ्याच जागी मात्रा वाढविता येईल, अशी ही आशा आहे.

या विचाराचे फळ स्पष्टपणे दिसले ते स्त्रियांच्या एका दुखण्यात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आजवर भारतात, विशेषतः गरीब घरांतील, असंख्य स्त्रियांचा बळी घेतला आहे. रोग पुढच्या अवस्थेत गेला असल्यास प्रथम पाच आठवडे बाहेरून किरण देतात, सोबत औषधही देतात. या अवधीत गाठ पुष्कळदा मूळच्या अंशमात्र उरते. त्यानंतर किरणोत्सर्गी द्रव्य पोकळ नळीतून गाठीच्या अगदी निकट नेऊन उरलेली मात्रा दिली जाते. पूर्वी ही मात्रा क्ष-किरणचित्रावरील ठराविक बिंदू धरून देत. सर्व स्त्रियांना जणू एकच साचा. आता नळी बसविलेल्या स्थितीत एम. आर. आय. काढून, पाच आठवड्यांनी जे प्रत्यक्ष उरले आहे त्याच्या आकाराप्रमाणे मात्रा बेतता येते. या पद्धतीचा एक मोठा अभ्यास युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिका येथील चोवीस केंद्रांत झाला. १९४१ साली स्थापन झालेले मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय त्यांत सहभागी होते. २०२१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १३४१ स्त्रियांच्या त्या नोंदीत, पाच वर्षांनंतरही मूळ जागी रोग आटोक्यात असण्याचे प्रमाण ९२ टक्के आढळले. येथे मोजले गेले ते मुख्यतः गाठीचे रूप आणि स्थान. तरीही योजना दगडावर न कोरता कागदावर लिहिल्याचे हे ठळक फळ आहे.

पुढली पायरी म्हणजे किरणयंत्र आणि एम. आर. आय. एकाच ठिकाणी आणणे. हे काम दोन सवतींना एका घरात नांदविण्यासारखे अवघड होते. किरण निर्माण करणाऱ्या यंत्रात विद्युत्कण धावतात आणि चुंबक त्यांची वाट वाकवितो. उलट त्या यंत्राचे धातू चुंबकाचे क्षेत्र बिघडवितात. तरीही २०१४ साली अमेरिकेत सौम्य चुंबकाच्या संयुक्त यंत्रावर आणि २०१७ साली हॉलंडमधील उट्रेख्त येथे दीड टेस्लाच्या यंत्रावर रुग्णांचे उपचार सुरू झाले. रुग्ण मंचावर पडलेला असतानाच त्या दिवसाचे चित्र निघते, योजना त्याबरहुकूम सुधारली जाते आणि मग किरण सुटतात. लॉस एंजेलिस येथील एका तुलनात्मक चाचणीत पुरःस्थ ग्रंथीच्या रुग्णांना अशा यंत्रावर केवळ दोन मिलिमीटरचा पट्टा ठेवून उपचार दिले गेले. नेहमीच्या पद्धतीत तो चार मिलिमीटर होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लघवीचा लक्षणीय त्रास ४३.४ टक्क्यांवरून २४.४ टक्क्यांवर आला. दोन मिलिमीटर म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढे अंतर. रुग्णाच्या रात्रीच्या झोपेत त्याने एवढा फरक पाडला.

येथवर सर्व सुखकर भासते. परंतु आकड्याचा एक धोका असा, की तो नेमका दिसला म्हणजे खराही वाटू लागतो. एकाच रुग्णाचे, काहीही उपचार न करता, लागोपाठ दोनदा विसरण मोजले, तरी दोन आकडे तंतोतंत जुळत नाहीत. मेंदूत सुमारे ११ टक्क्यांपर्यंत आणि यकृतासारख्या श्वासाबरोबर हलणाऱ्या अवयवात सुमारे २६ टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ मोजणीचा असू शकतो. यकृतातील गाठीचा अंक पंधरा टक्क्यांनी वाढला म्हणून ‘गुण आला’ असे म्हणणाऱ्या वैद्याने कदाचित केवळ यंत्राची थरथर वाचलेली असते. म्हणून वाण्याचा तराजू जसा वजनमापे निरीक्षक तपासतो, तसे ही यंत्रेही तपासावी लागतात. त्याची एक रीत मोठी साधी आहे. वितळत्या बर्फात ठेवलेले पाणी यंत्रात नेऊन मोजायचे. शून्य अंशावरील पाण्याचे विसरण सर्व जगात एकच. यंत्राने वेगळे सांगितले, तर दोष यंत्राचा. कोट्यवधींचे यंत्र अखेर बर्फाच्या पाण्यापुढे नम्र होते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. गाठ आक्रसली म्हणून किरणांचा प्रदेशही लगेच आक्रसावा, असा मोह होतो. परंतु गाठ जेथून मागे हटली, तेथे तिची विरळ बीजे मागे राहिलेली असू शकतात. पूर ओसरला तरी ओल राहतेच. ज्या जागा आरंभी रोगाने व्यापल्या होत्या, त्यांना किमान मात्रा मिळालीच पाहिजे, हा सावधपणा अनुकूली उपचाराने सोडता कामा नये. पेशींच्या दाटीवरून आणि रक्ताभिसरणावरून हट्टी कोपरे शोधून तेथे मात्रा वाढविण्याचे प्रयोगही अजून वाटेवर आहेत. मिशिगन विद्यापीठात बिकट अवस्थेतील ८१ रुग्णांवर अशी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. रोग मूळ जागी परतण्याचे प्रमाण घटल्यासारखे दिसले, पण रोगमुक्त आयुष्यकालात निर्णायक फरक पडला नाही. बदलत्या रूपाला अनुसरून योजना बदलावी, हे बव्हंशी सिद्ध झाले आहे. गाठीच्या अंतरंगातील आकड्यांवरून मात्रा ठरवावी, हे अद्याप सिद्ध व्हायचे आहे. या दोन विधानांत गल्लत करणे रुग्णाच्या हिताचे नाही.

संयुक्त यंत्रे फार महाग असतात, आणि त्यांवर एकेका रुग्णास अर्धा तासाहून अधिक वेळ लागतो. ज्या रुग्णालयात पहाटेपासून रांग असते, तेथे हा हिशेब कठोर होतो. तथापि, यंत्र नाही म्हणून तत्त्वही नाही, असे मानण्याचे कारण नाही. दर आठवड्याला रुग्णाचे वजन करणे, मुखवट्यात बोट शिरते का ते पाहणे, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदा पुन्हा चित्र काढून पहिल्याशी ताडून पाहणे, आणि भेद आढळल्यास योजना पुन्हा आखण्याचा आळस न करणे, हासुद्धा अनुकूली उपचारच होय. मुखवटा सैल झाल्याचे रुग्णाने स्वतः सांगितले, तर तेही एक मोजमापच आहे. संकोचाने गप्प बसणाऱ्या रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना हे आवर्जून सांगितले पाहिजे.

तंजावरच्या नेत्रपत्रिकांकडे त्या दृष्टीने पाहिले, म्हणजे त्यांचे मोल कळते. त्या काळच्या वैद्यांपाशी ना चुंबक होते ना रेडिओलहरी. होते ते एक निरखणारे लक्ष, रंगाची पेटी आणि पाहिलेले टिपून ठेवण्याची शिस्त. आजच्या यंत्रांनी त्या शिस्तीला अंक दिले आणि अंकांना एकक दिले. पण पत्रिकेत रोज नवी ओळ लिहायची, जुन्या ओळीशी ती ताडायची, आणि चूक दिसताच आपलाच कालचा निर्णय खोडायचा, हे धैर्य कोणतेही यंत्र पुरवू शकत नाही. शिलालेख राजघराण्याच्या कीर्तीसाठी असावा. आजाऱ्याच्या उशाशी मात्र खोडता येईल असा कागदच हवा.